अंदमानच्या पाण्याखाली जाण्याआधी

अंदमानहून आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'सेल्युलर जेल पाहिलंत ना?' आणि लगेच दुसरा, 'स्कूबा केलंत का?' या दोन्ही गोष्टी पाच रात्री सहा दिवसांच्या एकाच सहलीत बसवायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. पहिल्या दिवशी जेल, तिसऱ्या दिवशी हॅवलॉक, चौथ्या दिवशी सकाळी अर्धा तास पाण्याखाली, मग धावतपळत नील बेट आणि परतीचं विमान. समुद्राचा तळ एकदा पाहून यायचा, एवढीच इच्छा असेल तर यात भागतं. पण ज्यांना मुळात डायव्हिंगसाठीच जायचं आहे, पाण्याखाली गेल्यावर घाबरण्यात वेळ न घालवता आजूबाजूला पाहायचं आहे, त्यांनी हा आराखडा बाजूला ठेवावा. अशा सुट्टीत सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट असते ती मोकळा वेळ. म्हणून तयारीला सुरुवात बॅगेपासून करू नये, तारखांपासून करावी. आणि तारखा शेवटच्या दिवसापासून मागे मोजत याव्यात.

शेवटच्या दिवसापासून का, ते नीट समजून घ्यायला हवं. पाठीवरच्या टाकीत असते ती साधी हवाच, शुद्ध ऑक्सिजन नव्हे. तिच्यात चार-पंचमांश नायट्रोजन असतो. दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, आणि त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. वर आल्यानंतर तो कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. तेवढ्यात बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे धरतात. ते सांध्यांत, मज्जारज्जूत अडकले की दुखणं, मुंग्या येणं, कधी पाय लुळे पडणं इथपर्यंत मजल जाते. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण दोन हजार चारशे मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका खाली येऊ शकतो. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे 'डॅन', या डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा दंडक असा : एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, आणि एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावेत. पूर्ण २४ तास कोरडे ठेवणं उत्तम.

हे एकदा लक्षात आलं की सहलीचा क्रम आपोआप उलटा होतो. सेल्युलर जेल, तिथला संध्याकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम, समुद्रिका संग्रहालय, रॉस बेट हे सगळं शेवटच्या दीड दिवसात ठेवावं आणि उतरल्या उतरल्या हॅवलॉकची बोट धरावी. पर्यटन कंपन्या याच्या नेमकं उलट करतात, कारण त्यांच्या बहुतेक गिऱ्हाइकांना पाण्याखाली काही मिनिटंच घालवायची असतात. आपण कार्यक्रम बदलून मागितला तर बऱ्याच कंपन्या बदलूनही देतात, फक्त मागावा लागतो.

जाता जाता महाराष्ट्रातल्यांसाठी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. हा नियम फक्त विमानाला लागू नाही. सहाशे मीटरच्या वर नेणारा कुठलाही रस्ता त्यात येतो. मालवण-तारकर्लीला सरावासाठी दिवसभर खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढणं म्हणजे ती उंची ओलांडणं. एक रात्र किनाऱ्यावर काढावी आणि १८ तास उलटल्यावरच निघावं.

नावांचा थोडा घोळ होतो, तो आधीच सोडवून ठेवलेला बरा. हॅवलॉकचं नाव २०१८ च्या अखेरीस स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर आणि संकेतस्थळांवर कुठे जुनं, कुठे नवं नाव दिसतं. भारतीय नागरिकांना या नेहमीच्या बेटांवर जायला वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र प्रत्येक जेट्टीवर दाखवावं लागतं. लक्षद्वीपचं तसं नाही. तिथे आपल्यालाही आधी परवाना काढावा लागतो, आणि 'अंदमान नाही तर लक्षद्वीप' असं ऐन वेळी ठरवणारे तिथे अडकतात.

आता महिने. नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्या आधी, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंदमानात पोचतो. तिथून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं तयार होतात आणि डिसेंबरातही हा धोका पुरता टळलेला नसतो. डिसेंबर २०१६ मध्ये पुढे 'वरदा' हे नाव पडलेल्या वादळाच्या प्रणालीमुळे हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकून पडले होते. नौदलाच्या जहाजांनी त्यांना सोडवून आणलं. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी हीच ज्यांची एकमेव सवड असते, त्यांनी जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण विमानाआधी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, बोटी रद्द होणार हे गृहीत धरून. जानेवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंतचा काळ सगळ्यांत भरवशाचा. मार्च-एप्रिलमध्ये समुद्र बऱ्याचदा तळ्यासारखा शांत असतो आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर एप्रिलचा दुसरा पंधरवडा साधताही येतो. उकाडा असतो, पण पाण्याखाली तो कोण मोजतो?

तारखा पक्क्या करण्याआधी पंचांगही पाहावं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाण्याखालचे प्रवाह जोर धरतात आणि गाळ उठतो. नवशिक्याने शिकायचे दिवस अष्टमीच्या आजूबाजूला ठेवले तर सोपं जातं. कोकणातल्या कोळ्यांना हे सांगायला नको, शहरातल्यांना सांगावं लागतं.

घड्याळाचंही एक गणित आहे. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांश आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ ऐंशी मिनिटं आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारायला लागतं. डायव्हिंगच्या बोटी पहाटे-सकाळी निघतात त्या याचमुळे. रात्री उशिरापर्यंत जागून, दारू पिऊन दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायचा बेत असेल तर दोहोंपैकी एक सोडावं, कारण शरीरात पाणी कमी असलं की नायट्रोजनचा त्रास होण्याची शक्यता वाढते.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी वेगवान बोटीने साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला अधिक. हंगामात तिकिटं आधी काढावीत. ज्यांना गाडी लागते त्यांना बोट हमखास लागते. गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि घरी एकदा घेऊन पाहावी, कारण यातल्या अनेक गोळ्यांनी झोप येते आणि पेंगुळलेल्या माणसाने वीस मीटर खाली जाऊ नये.

यानंतरची तयारी शरीराची, आणि सगळ्यांत जास्त हेळसांड होते ती हिचीच. डाइव्ह सेंटरच्या टेबलावर सकाळी साडेसहाला एक वैद्यकीय फॉर्म पुढे येतो. दमा आहे का, कधी फुप्फुस निकामी झालं होतं का, फिट येते का, कानाची किंवा नाकाच्या पोकळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे का, मधुमेह, गर्भारपण, आणि वय ४५ च्या पुढे असेल तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान. काही उत्तरं 'हो' आली की डॉक्टरांची सही लागते, आणि त्या बेटावर त्या घटकेला अशी सही देणारा डॉक्टर सापडत नाही. मग दोनच वाटा उरतात. खरं लिहून किनाऱ्यावर बसायचं, नाहीतर 'नाही'वर खूण करून खाली जायचं. दुसरी वाट अनेक जण धरतात, प्रवासावर एवढा खर्च केलेला असतो म्हणून. हा फॉर्म इंटरनेटवर सर्वांसाठी खुला आहे. तिकीट काढायच्या आधी तो छापून घ्यावा, घरच्या सगळ्यांनी भरावा आणि गरज असेल तर आपल्या डॉक्टरांकडे न्यावा. दमा आहे म्हणजे डायव्हिंग बाद, असं सरसकट नसतं. तपासणीनंतर अनेकांना परवानगी मिळते. गर्भारपणात मात्र डायव्हिंग नाहीच.

कानांबद्दल जास्त सांगायला हवं, कारण बहुतेकांची डाइव्ह बिघडते ती कानांमुळे, माशांच्या किंवा शार्कच्या भीतीमुळे नाही. दाबातला सगळ्यांत तीव्र फरक वरच्या दहा मीटरमध्येच पडतो, म्हणजे नेमका जिथे नवशिका असतो तिथेच. घाट उतरताना कानाला दडे बसतात तसेच इथेही बसतात, पण कितीतरी पटीने भरभर. दोन मीटरवरच दुखायला लागतं. उपाय सोपा आहे. नाकपुड्या चिमटीत धरायच्या, तोंड मिटायचं आणि नाकातून हळूच हवा ढकलायची. आत 'टक्' असा आवाज होतो आणि दडा सुटतो. हे दुखायला लागल्यावर करून उपयोग नसतो. दुखण्याआधी, दर मीटरला एकदा तरी करावं लागतं. नाही सुटलं तर थोडं वर येऊन पुन्हा करायचं, जोर लावायचा नाही. घरी आरशासमोर दिवसातून चार वेळा आठवडाभर हा सराव केला की स्नायूंना ती सवय लागते. सर्दी झाली असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन जाणं आणखी वाईट, कारण खाली असताना तिचा अंमल उतरला तर वर येताना हवा कानात कोंडते. मोकळा दिवस राखून ठेवा म्हणतो ते अशाही वेळेसाठी.

श्वासाचं वेगळंच. तलावात पोहायला शिकलेल्या आणि रोज प्राणायाम करणाऱ्या, दोघांनाही श्वास कोंडून धरायची सवय असते. टाकीवर डायव्हिंग करताना पहिला नियम याच्या उलट आहे : श्वास कधीही रोखायचा नाही. दाबाखाली भरलेली हवा वर येताना फुगते, आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटू शकतं. कुंभकाची सवय असलेल्यांनी हे मुद्दाम मनावर ठसवावं. बाकी संथ, लांब श्वासाची त्यांची तालीम इथे फार उपयोगी पडते. त्यांची हवा इतरांपेक्षा जास्त वेळ पुरते.

पोहता यायला हवं का? नुसत्या ओळखीच्या डाइव्हला नाही. ती प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन होते, फार तर बारा मीटरपर्यंत, आणि दहा वर्षांच्या मुलापासून पुढे कुणालाही करता येते. 'ओपन वॉटर' हा पहिला खरा अभ्यासक्रम करायचा तर न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं येऊन दाखवावं लागतं, वेळेची अट नसते. माझं मत असं की न पोहणाऱ्यानेही जाण्याआधी दोन महिने जवळच्या तलावावर घालवावेत. चेहरा पाण्यात असताना शांत राहता येणं हीच अर्धी तयारी.

ओळखीची डाइव्ह की अभ्यासक्रम, हा खरा निवडीचा प्रश्न आहे. सुट्टी फक्त चार-पाच दिवसांची आणि कुटुंब सोबत असेल तर ओळखीची डाइव्ह पुरे. आठवडाभर हाती असेल तर अभ्यासक्रम करावाच. त्याला तीन ते चार दिवस लागतात, आणि मग १८ मीटरपर्यंत जगात कुठेही सोबत्याबरोबर उतरता येतं. यात शहाणपणाची वाट म्हणजे अभ्यासाचं ओझं घरीच हलकं करणं. पुस्तकी भाग ऑनलाइन होतो. मुंबई-पुण्यात तलावातला सराव करून देणारे प्रशिक्षक आहेत, आणि तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे, जिथे खास या कामासाठी बांधलेला खोल तलाव आहे. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधून परत लावणं ही कामं सुट्टीचे मोलाचे दिवस खर्चून शिकण्यापेक्षा अशा तलावात शिकावीत. खुणाही तिथेच अंगवळणी पडतात. फोटो काढताना आपण अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर जायचं आहे' असा होतो आणि प्रशिक्षक खरोखरच वर घेऊन जातो. 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं.

अंदमानात जागांची निवड प्रशिक्षकावर सोडलेली बरी, तरी नावं कानावरून गेलेली असावीत. निमो रीफ किनाऱ्यालगतची, उथळ आणि शिकायला चांगली. द वॉल, अक्वेरियम, लाइटहाउस या जरा पुढच्या. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार या खोल, प्रवाहाच्या जागा अनुभवींसाठी; पहिल्याच वेळी तिथे न्यायला कुणी तयार झालं तर तो उत्साह चांगला समजू नये. पूर्वेला बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. तिथल्या काळ्या उतारांवरही डायव्हिंग होतं, पण ते दूरच्या सफरीचं काम.

सेंटर निवडताना दरपत्रकाइतकेच दोन-चार प्रश्न महत्त्वाचे. एका प्रशिक्षकामागे किती जण? प्रशिक्षकाचा क्रमांक काय? तो पॅडी, एसएसआय अशा ज्या संस्थेचा असेल तिच्या संकेतस्थळावर तपासता येतो. बोटीवर ऑक्सिजन आहे का? आणि कुणाला त्रास झालाच तर दाबकक्षापर्यंत कसं नेणार? शेवटचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात. तो जरूर विचारावा. बुडबुड्यांच्या आजारावर खरा उपचार म्हणजे रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवणं. त्याची सोय हॅवलॉकवर नसून समुद्रापलीकडे पोर्ट ब्लेअरला, नौदलाकडे आहे. चांगल्या सेंटरकडे याचं उत्तर तयार असतं. नेहमीच्या प्रवासविम्यात स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचून घ्यावं, लागल्यास डायव्हिंगचा वेगळा विमा काढावा.

बॅगेचं काम आता थोडंच उरतं. टाकी, जॅकेट, रेग्युलेटर, वेटसूट सगळं तिथे भाड्याने मिळतं, आणि पंधरा किलोच्या मर्यादेत ते नेण्यात अर्थही नाही. पाणी २६ ते ३० अंशांच्या दरम्यान असतं, तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. स्वतःची एकच वस्तू विकत घ्यायची तर मास्क. दुकानात तो पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने किंचित श्वास ओढावा; हात सोडल्यावर जागचा हलला नाही तर तो आपल्या चेहऱ्याचा. मिशा असतील तर नाकाखालची किनार बारीक कातरावी, नाहीतर तिथून पाणी शिरत राहतं. चष्मा असलेल्यांना नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, त्याची मागणी आधी नोंदवावी. नव्या मास्कच्या काचेला कारखान्यातून आलेला पातळ थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा चोळून धुतला नाही तर पाण्याखाली धुकं धरतं.

रोख रक्कम सोबत असावी, कारण हॅवलॉकवर एटीएम मोजकी आहेत. चेन्नई ते अंदमान समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलं, तरी छोट्या बेटांवर भरवसा नाही. तिकिटं छापून न्यावीत. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाश्या चावतात, त्यांच्यासाठी मलम. आणि उन्हासाठी मलमाऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्यं प्रवाळाला घातक ठरतात असं आढळल्यावर पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशा मलमांवर बंदी घातली. आपल्याकडच्या प्रवाळालाही तोच न्याय लावावा.

हे प्रवाळ आधीच दुखावलेलं आहे. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि अंदमानातल्या प्रवाळाचा मोठा भाग पांढरा पडला. एप्रिल २०२४ मध्ये जगभर चौथ्यांदा अशी लाट आल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. प्रवाळाच्या अनेक जाती वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतात. नवशिक्याच्या फिनचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ मोडतो. तरंगण्यावर ताबा येईपर्यंत तळापासून हातभर वरच राहावं, गुडघे टेकायचे तर वाळूत, आणि कॅमेरा पहिल्या काही डाइव्हना किनाऱ्यावरच ठेवावा. तशीही पाच मीटरच्या खाली लाल रंग फिका पडत जातो आणि दिव्याशिवाय काढलेले फोटो निळे येतात.

किनाऱ्यावर मगरींच्या इशाऱ्याचा फलक असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे आणि २०१० मध्ये हॅवलॉकलाच एका पर्यटक तरुणीचा तिने बळी घेतला.

परतीच्या सामानात शंख-शिंपले, मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा घालू नये. प्रवाळ, समुद्रघोडे आणि अनेक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत ते पकडले जातात. मुलांच्या खिशांत काय आहे ते हॉटेल सोडतानाच पाहावं. दुकानातून विकत घेतलेल्या शंखाची पावती हाताशी ठेवावी. तपासणीच्या रांगेत तीच मागतात.